पेसमेकर, बारीक रक्तवाहिन्या आणि 'रक्तपुरवठा कमी' म्हणजे नक्की काय?

अनु७१:
मावशीला पेसमेकर बसवून बरीच वर्षं झाली. मध्ये दम लागायला लागला म्हणून थॅलियम स्कॅन (हृदयाच्या स्नायूत रक्त कुठे किती पोचतं ते दाखवणारा) केला, त्यात 'सेप्टममध्ये', म्हणजे डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्यात, 'परफ्युजन डिफेक्ट' आलं, मग अँजिओग्राफी केली तर सगळं क्लीन. घरात मराठीत सांगायचं कसं? मी 'हृदयाच्या पडद्याला रक्तपुरवठा कमी आहे' म्हटलं तर मामाने लगेच ब्लॉकेज कुठे, स्टेंट कधी सुरू केलं. डॉक्टर 'मायक्रोव्हॅस्क्युलर' म्हणतात, त्याला काही सुटसुटीत शब्द?

सातारकर:
केशवाहिन्या. रोहिणी, नीला, केशवाहिनी, शाळेत घोकलंय की.

निवांत:
नाही हो, केशवाहिनी म्हणजे अगदी शेवटचं टोक. मायक्रोव्हॅस्क्युलरमध्ये त्याच्या आधीच्या बारीक रोहिण्याही येतात, साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या, आणि रक्त कुठे किती सोडायचं ते मुख्यतः त्याच आवळून-सैल होऊन ठरवतात. अँजिओग्राफीत दिसतात त्या वरवरच्या मोठ्या, या दिसतच नाहीत, म्हणून 'क्लीन' आलं तरी खालचं काही कळत नाही. सरळ 'बारीक रक्तवाहिन्या' म्हण, लिहायचं असेल तर 'सूक्ष्म'. सूक्ष्मरोहिणिका वगैरे केलंस तर मावशीला दुसरा आजार झाला असं वाटेल सगळ्यांना.

पण अनु, गडबड तुझ्या 'पुरवठा' शब्दात आहे. 'पुरवठा कमी' म्हटलं की वाटेत कुठेतरी तुंबलंय असंच डोक्यात येतं, मामाचं काही चुकलं नाही. पेसमेकरवाल्यांच्या पडद्यात बऱ्याचदा वेगळंच असतं. नेहमीच्या पेसमेकरची वायर उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी टेकवलेली असते, तिथून निघालेला झटका हृदयाच्या स्वतःच्या फास्ट वायरिंगमधून न जाता स्नायूतून हळूहळू पसरतो, त्यामुळे मधला पडदा आधी आकसतो आणि डावीकडची बाहेरची भिंत मागाहून. पडदा आकसतो तेव्हा डाव्या कप्प्यात अजून प्रेशरच चढलेलं नसतं. रस्सीखेचीत समोरच्याने दोर धरायच्या आत ओढलं तर जोर कसला लागणार, तसं. पडद्याला काम कमी म्हणून ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून तिथल्या बारीक वाहिन्या स्वतःच आवळून घेतात. उलट बाहेरची भिंत आधी ताणली जाते आणि मग जास्त जोर लावते, तिथे प्रवाह वाढतो. स्कॅन दोन्हीकडची तुलना करतो, म्हणून पडदा फिका दिसतो.

म्हणजे इथे 'मागणी कमी'. निदान 'प्रवाह कमी' म्हण, त्यात कारण गृहीत धरलेलं नाही.

पडवळ:
सगळं मागणीवर ढकलू नका. डाव्या कप्प्याच्या स्नायूत रक्त मुख्यतः हृदय सैल असताना शिरतं. पडदा आणि भिंत असे मागेपुढे आकसले की सैल पडायला वेळ लागतो, बारीक वाहिन्या जास्त वेळ दाबलेल्या राहतात. हा पुरवठ्याचाच प्रॉब्लेम झाला.

निवांत:
मान्य, दोन्ही असतं. आणि अँजिओग्राफी झाली म्हणून मावशीबद्दल एवढं तरी बोलता येतं, नाहीतर पेसमेकरवाल्याला ब्लॉकेजही असू शकतं. अनु, स्कॅन ट्रेडमिलवर केला का इंजेक्शन देऊन ते बघ. पेसमेकर असेल तर बहुतेक ठिकाणी अॅडेनोसिनसारखं रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देऊन करतात, कारण पळवून ठोके वाढवले की पडद्यातला हा खोटा डाग आणखी उठून दिसतो. आणि दम कशाने लागतो ते यावरून ठरत नाही, ते डॉक्टरांनाच विचार.

सातारकर:
मग मशीन बसवणं वाईटच की!

पडवळ:
अहो असं कुठे म्हटलं. स्टॉकहोममध्ये 1958 साली ज्याच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला तो आर्ने लार्सन एकामागून एक मशीन बदलत 2001 पर्यंत जगला, आणि गेला तोही कॅन्सरने. प्रश्न खालच्या कप्प्याला किती टक्के झटके द्यावे लागतात त्याचा आहे. चेकअपला मशीनमधून तो आकडा निघतो. ठोका वरून खाली आपला आपण पोचत असेल तर सेटिंग बदलून तो कमी करता येतो, पूर्ण हार्ट ब्लॉक असेल तर पर्याय नाही, शंभराच्या जवळपास जाणारच. म्हणून आता काही पेशंटमध्ये वायर टोकाशी न लावता हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगजवळ, डाव्या शाखेपाशी लावतात, म्हणजे पडदा आणि भिंत जवळजवळ एकाच वेळी आकसतात.

अनु७१:
बरं झालं सांगितलंत, स्कॅन ट्रेडमिलवरच केला होता. पण 'हार्ट ब्लॉक' म्हणजे पण ब्लॉकेजच ना?

निवांत:
नाही!! हार्ट ब्लॉक म्हणजे विजेचा सिग्नल अडलेला, ब्लॉकेज म्हणजे रक्ताची वाट अडलेली. मराठीत दोन्हीला 'हार्टमध्ये ब्लॉक आहे' म्हणतात, आणि पेसमेकरवाल्याला लोक ब्लॉकेज किती टक्के विचारतात. वर 'शीर ब्लॉक झाली' हे आहेच. पुस्तकात शिरा म्हणजे हृदयाकडे परत येणाऱ्या, बोलण्यात मात्र शीर म्हणजे काहीही, मानेची आखडते तीसुद्धा शीरच. मामाला शीर म्हण, चालेल. फक्त 'ब्लॉक' म्हणू नकोस.