प्रश्न ‘किती’पेक्षा ‘कधी’चा आहे
सॉनिक हेजहॉग हे गर्भातल्या पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन. त्याचा संदेश अडवला तर गर्भाच्या मेंदूची वाढ नुसती मंदावते, असं एक म्हणणं आहे. मला नाही पटत. अमेरिकेतल्या आयडाहोत १९५०च्या दशकात कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं जन्मत होती. मेंढ्या स्वतः ठणठणीत! पण गाभण राहिल्यावर १४व्या दिवसाच्या सुमारास त्यांच्या चरण्यात कॉर्न लिली ही रानवनस्पती आली होती. तिच्यातलं सायक्लोपामाइन हे विषारी द्रव्य सॉनिक हेजहॉगचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या ‘स्मूदन्ड’ प्रथिनाला चिकटतं, संदेश तिथेच अडतो आणि पुढचा मेंदू डावा-उजवा असा विभागलाच जात नाही; डोळाही मग एकच राहतो. तो नेमका काळ उलटून गेल्यावर खाल्लं तर एकडोळं कोकरू होत नाही.

हाच संदेशमार्ग अडवणारं व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२पासून त्वचेच्या एका कर्करोगावर वापरतात. म्हणूनच बाईला ते देण्याआधी गर्भ नाही ना, हे तपासायलाच हवं.