फिंकेलस्टाइन खरंच एवढा भारी होता का?

गोंधळलेला_वाचक:
हंगेरीच्या व्हिक्टर ओर्बान या नेत्याबद्दल वाचत होतो, तर सारखं आर्थर फिंकेलस्टाइन हे नाव येतंय. न्यूयॉर्कचा माणूस, अमेरिकेत रिपब्लिकन उमेदवारांसाठी पोलिंग (म्हणजे मतदारांचा कल मोजणाऱ्या चाचण्या) करायचा, मग इस्रायलमध्ये नेतान्याहूला निवडून आणलं, मग थेट बुडापेस्ट. तिन्हीकडे एकच माणूस कसा काय चालतो? की जिंकल्यावर चिकटवलेलं कौतुक आहे हे? फोटो मोजकेच सापडतात, इंटरव्ह्यू तर जवळपास नाहीतच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आकडेमोड्या:
लांब लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या.

मूळ धंदा पोलिंगचा. पण "आमचा उमेदवार आवडतो का" एवढंच विचारून थांबणारा नव्हता तो, समोरच्याबद्दल काय कळलं तर तुम्ही त्याला मत देणार नाही हे खणून काढायचा. आपला माणूस लोकांच्या गळी उतरवायला वेळ लागतो, समोरचा नकोसा करायला एक वाक्य पुरतं, मग तेच वाक्य शेवटपर्यंत घोटायचं, बाकी काही बोलायचंच नाही. १९९४ ला न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदासाठी पटाकी उभा होता, कोण हा असं विचारावं इतपत ओळख, समोर तीन वेळा निवडून आलेला मारियो क्युओमो. प्रचार काय, तर क्युओमो फार लिबरल (उदारमतवादी) आहे आणि फार काळ बसलाय. पटाकी जिंकला. 'लिबरल' ही अमेरिकेत शिवी झाली त्यात याचा मोठा हात आहे.

त्याआधीचं १९७६ माझ्या मते जास्त महत्त्वाचं. रेगन प्रेसिडेंट फोर्डविरुद्ध प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक) लढवत होता आणि न्यू हॅम्पशायर, फ्लोरिडा, इलिनॉय अशा ओळीने हरत होता, गाशा गुंडाळायची वेळ आलेली. नॉर्थ कॅरोलायनात सेनेटर जेसी हेल्म्सच्या माणसांनी सूत्रं हातात घेतली, त्यात हाही होता. पनामा कालवा अमेरिकेने सोडायचा नाही हा मुद्दा तापवला, रेगनचं अर्ध्या तासाचं भाषण टीव्हीवर लावलं आणि २३ मार्चला रेगन जिंकला. त्या साली तिकीट फोर्डलाच मिळालं म्हणा, पण तिथे हरला असता तर १९८० चा रेगन दिसला असता का, शंकाच आहे.

तिरका_डोळा:
आकडेमोड्या, माहिती छान पण जरा हार उतरवा की गळ्यातला. त्याचे गाजलेले विजय बघा. १९७० ला जेम्स बकली न्यूयॉर्कमधून सेनेटर झाला तो तिरंगी लढतीत, साधारण ३९ टक्क्यांवर. १९८० ला तिथेच डमॅटोने रिपब्लिकन प्रायमरीत तेव्हाचा सेनेटर जेकब जॅव्हिट्सला पाडलं, तेही म्हाताऱ्याच्या वयावर आणि आजारपणावर जाहिरात करून (हे मला आजही किळसवाणं वाटतं), आणि नोव्हेंबरात जॅव्हिट्स दुसऱ्या पक्षाकडून उभा राहून मतं खाऊन बसला म्हणून डमॅटो जेमतेम एक टक्क्याने तरला. १९९६ चं इस्रायल? नेतान्याहूसमोर तेव्हाचा पंतप्रधान पेरेस, "पेरेस जेरुसलेमची फाळणी करेल" ही घोषणा जबरदस्त, मान्य, पण त्याच्या आधी फेब्रुवारी-मार्चमध्ये बसमध्ये बॉम्ब फुटले नसते तर पेरेसची आघाडी वितळली असती का? शेवटी फरक सुमारे एक टक्का. एवढ्याशा फरकात कुणीही म्हणू शकतो माझ्यामुळे जिंकले.

आकडेमोड्या:
अहो पण एक टक्क्याच्या लढतीत तो पुन्हा पुन्हा बरोबर बाजूला सापडतो हेच तर म्हणतोय मी! आणि गंमत बघा, हाच बकली १९७६ च्या कोर्टाच्या केसमध्ये आहे. उमेदवाराशी संगनमत न करता बाहेरच्या गटाने कितीही खर्च करावा, मर्यादा घालता येणार नाही, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. मग नॅशनल कन्झर्व्हेटिव्ह पोलिटिकल ॲक्शन कमिटी नावाचा गट १९८० ला सहा डेमोक्रॅट सेनेटरांच्या मागे लागला, पोलिंग फिंकेलस्टाइनचं. सहापैकी चार पडले, १९७२ चा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मॅकगव्हर्नसकट. उमेदवार म्हणायला मोकळा, की जाहिरात माझी नाहीच.

सांजसावली:
मला त्याच्या निवडणुकांपेक्षा तो माणूसच कळत नाही. समलिंगी होता, १९९६ ला एका मासिकाने ते उघड केलं, मॅसॅच्युसेट्समध्ये कायदेशीर झाल्यावर जोडीदाराशी लग्नही केलं. आणि आयुष्यभर काम कुणाचं, तर जेसी हेल्म्सचं, ज्याने समलिंगी लोकांबद्दल काय काय बोलायचं बाकी ठेवलं नाही. हंगेरीतही तेच, स्वतः ज्यू, आणि ओर्बानसाठी शत्रू म्हणून शोधून दिला अब्जाधीश जॉर्ज सोरोस, तोही ज्यू, ज्याच्या शिष्यवृत्तीवर ओर्बान स्वतः ऑक्सफर्डला गेला होता. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथे सोरोसच्या हसऱ्या चेहऱ्याचे बोर्ड लागले आणि ऑगस्टमध्ये हा वारला. त्याचा सहकारी बर्नबाउमने पुढे सोरोसला शत्रू कसं केलं ती गोष्ट सांगितली, पण त्याला तरी रात्री झोप कशी लागत असेल देव जाणे.

गोंधळलेला_वाचक:
सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. एक शंका, १९९९ ला नेतान्याहू हरला तेव्हा हा कुठे होता?

तिरका_डोळा:
तिथेच होता, नेतान्याहूकडेच. फक्त यावेळी समोरच्या एहूद बराकनेही अमेरिकेतून माणसं आणली, कार्व्हिल वगैरे, क्लिंटनची टीम. बराक जिंकला, तोही चांगल्या फरकाने.