अनुभव धागा: ऊसतोडीच्या गावातली पाचवी ते आठवी

'असर'चा, म्हणजे गावाकडच्या पोरांना वाचन-गणित किती येतं ते तपासणाऱ्या पाहणीचा, अहवाल आला की 'आठवीच्या पोराला भागाकार येईना' अशी बातमी ठरलेली. बीड जिल्ह्यात, धारूर-वडवणी-पाटोदा पट्ट्यात शिकलेल्यांनी, शिकवलेल्यांनी लिहा. सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

शिक्षक, जि. प. शाळा
दिवाळी झाली, ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी वेशीत लागली की सहावीचा वर्ग ओस, पोरं आईबापासोबत जातात. पोरं उगवतात थेट वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. जाताना शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे तिकडच्या शाळेनं बसवून घ्यावं. पण तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या कुठं, शाळा कुठं! पहाटे उसाच्या फडात गेलेले आईबाप पोचवणार कधी? निकाल मात्र आमच्या नावावर. आणि 2023-24 पासून पाचवी-आठवीला नापासही करायचं.

आता नर्स आहे
सहावीपर्यंत आजीपाशी राहिले, नंबर पहिल्या तिनात. सातवीला आजी खाटेला खिळली आणि मला कारखान्यावर नेलं, धाकट्याला सांभाळायला. तो झोळीत झोपला की वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या चाऱ्याला विकायच्या. गिऱ्हाईकाचा हिशेब, बापानं मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीतून किती फिटली, सगळं तोंडी माझ्याकडे. परत आले तर फळ्यावर समीकरणं. क्ष म्हणजे काय हे शिकवून झालं होतं, मी सोडून सगळ्यांना माहीत. आठवीला बाई घरी येऊन आईशी भांडल्या, म्हणून मी गावात राहिले. भावाला मग मावशीकडे धाडलं. हे आधी का सुचलं नाही, असं आईला अजून विचारते.

हंगामी वसतिगृह चालवलंय
आईबाप तोडीला गेले की पोरं गावातच राहावीत म्हणून हे वसतिगृह. पैसे उशिरा येतात, किराणा उधारीवर. संध्याकाळचा अभ्यास बहुतेकदा नावालाच, उगाच कशाला खोटं सांगू? तरी ही पोरं वर्षभर वर्गात असतात, आणि तेवढ्यानंही वाचन टिकतं. मुली ठेवायला मात्र घरचे बिचकतात. रात्री बाई मुक्कामी असेल तरच हो म्हणतात.

पाटोदा, आठवीचा वर्गशिक्षक
एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या हुशार पोरांसाठी आठवीत परीक्षा घेऊन दिली जाणारी केंद्राची शिष्यवृत्ती, वर्षाला 12000 रुपये, नववी ते बारावी. नेमकी आमच्याच पोरांसाठी. परीक्षा साधारण डिसेंबरात, म्हणजे ऐन गाळपात! मागं एक पोरगा सांगलीकडून रात्रभर उसाच्या रिकाम्या ट्रकनं आला, पेपर दिला, संध्याकाळी परत फडात. पास झाला. बाकीच्यांचे अर्ज भरलेले, हॉलतिकिटं माझ्या कपाटात.

वरच्या सरांना
त्या पोराचं पुढं काय झालं?

पाटोदा, आठवीचा वर्गशिक्षक
आयटीआय केलं. चाकणला आहे. बहिणीला शिकवतोय.