चर्चा: जाहिरातीत ताडोबाचा वाघ आहे, वाघाशेजारचं गाव काऊन नाही?

मोहाचं झाड:
२००२ मध्ये ‘अतुल्य भारत’ ही पर्यटनाच्या जाहिरातीची मोहीम सुरू झाली. ताजमहाल, राजस्थानचे किल्ले, केरळातल्या हाऊसबोटी, वाघ: बाहेरच्यांच्या डोक्यात आपला देश एवढाच बसलाय. त्यातला वाघ आमच्या चंद्रपूरचाही आहे. पण त्या चित्रात आम्ही कुठंच नाही.

मार्च-एप्रिलात माझी मोठी आई पहाटे टोपलं घेऊन मोहफुलं वेचायला जाते. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, म्हणून बाया मिळून जातात. दोघी वेचतात, एक उभी राहून चौफेर बघते. त्याच वेळेला पाहुणा जिप्सीत बसून गेटातून आत जातो. बाहेर आला की एकच बोलणं, वाघ दिसला की नाही. मग रिसॉर्टात पनीर खातो. उलट्या मडक्यावर हातभर लांबरोटी टाकणारी बाई त्याला कोणी दाखवतच नाही. चित्रात जे नाही, त्याच्याकडे पैसाही येत नाही.

जिप्सीवाला:
भाऊ, मी त्याच गेटावर गाईड आहो. घरी दोन एकर धान, तेही पावसाच्या भरवशावर. वाघाची जाहिरात नसती तं पोरीची फी कशातून भरली असती? केरळनं १९८९ पासून ‘देवाची स्वतःची भूमी’ ही एकच ओळ धरून ठेवली, म्हणून ती लोकांच्या ध्यानात राहिली. लांबरोटी, मोह, देऊळ, सगळंच एका पोस्टरात कोंबलं तं कोणी थांबून पाहणार नाही.

यवतमाळची लेक:
मी पुण्यात शिकले. गावाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: “तिकडं शेतकरी आत्महत्या करतात ना?” तीन वर्षं हेच ऐकलं. माझे बाबा कापूस पिकवतात, आमच्याकडे पोळ्याला बैल सजतात, हे सांगायची वेळच यायची नाही. आपण आपलं चित्र काढलं नाही तर जागा रिकामी राहत नाही, बातम्या ती भरतात. मला वाघाचं पोस्टर चालेल. विदर्भ म्हटल्यावर कुणाचे डोळे दयेनं नाही, उत्सुकतेनं मोठे झालेले मला बघायचेत.

लोणारकर:
आमचं उलटं झालं. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि जाहिरातीशिवाय फोटो जगभर गेले. त्याच वर्षी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही नाव लागलं. टाळेबंदी उठल्यावर लोक यायला लागले. माझ्या टपरीवर एक कुटुंब आलं, सोबत म्हातारी आजी. तिला संडासला जायचं होतं, जवळपास सोय नव्हती. मी तिला माझ्या घरी नेलं. चित्र खरंच होतं, पण आलेल्या माणसाला टेकायला जागा नव्हती. पोस्टरात कोण आहे यावर भांडण्याआधी हे बघा. अशी आजी घरी जाऊन जे सांगते, ते कोणतंही पोस्टर पुसू शकत नाही.

मोहाचं झाड:
ताई, तुमचं वाचून गप्प झालो. वाघ काढा असं माझं म्हणणं नाहीच. जिप्सीवाले भाऊ, तुमची कमाईही खरी. पण हे बघा, आपली झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली नाटकं दिवाळीपासून होळीपर्यंत चालतात, म्हणजे ऐन सफारीच्या हंगामात. गावात हजारो माणसं रात्र जागवतात आणि चार कोसांवर पाहुणा खोलीत मोबाईल चाळत बसतो. नाटक कुठल्या गावात आहे, एवढी पाटी गेटावर लागली तरी फरक पडेल.

जिप्सीवाला:
रात्रभर नाटक पाहिलेला माणूस पहाटे गेटावर कसा येईल, भाऊ? अन् बफरच्या, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलाच्या रस्त्यानं रात्री मोटारसायकलवर कोणाले पाठवता येत नाही, चारचाकीच पाहिजे. पण सोमवारी जमेल. मंगळवारी कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंद असते, सकाळची घाई नसते. पुढच्या सोमवारी कुठं नाटक आहे ते कळवा, माझ्याकडच्या चार पाहुण्यांना विचारतो.