मुदत उलटली तरी एसपीआय १ च्या जवळ कसा?

प्रश्न:
दहा महिन्यांच्या एका सॉफ्टवेअर प्रकल्पाचा मासिक अहवाल माझ्याकडे आहे. बेसलाइनप्रमाणे, म्हणजे सुरुवातीला ठरलेल्या योजनेप्रमाणे, महिनाअखेरचे एकत्रित मनुष्यतास अनुक्रमे २००, ५००, ९००, १,४००, २,०००, २,६००, ३,१००, ३,५००, ३,८०० आणि ४,००० असे आहेत. सहाव्या महिन्याअखेर १,७०० तासांचे काम पूर्ण झाले होते, म्हणून एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक, १ म्हणजे काम वेळेवर) ०.६५ आला आणि बैठकीत बरीच खडाजंगी झाली. आज बारावा महिना संपला आहे, ३,९०० तासांचे काम झाले आहे आणि तोच निर्देशांक ०.९७५ दाखवतो. मुदत टळून दोन महिने झाले असताना आकडा म्हणतो की सारे आलबेल आहे! सूत्र पुन्हा तपासले, एक्सेलमध्ये चूक नाही. अखेरची तारीख आता कोणत्या आधारावर द्यावी?

पहिले उत्तर:
दोष सूत्राच्या घडणीतच आहे. एसपीआय म्हणजे अर्न्ड व्हॅल्यूला (प्रत्यक्ष पूर्ण झालेल्या कामाचे नियोजित तास) प्लॅन्ड व्हॅल्यूने (योजनेप्रमाणे आजवर व्हायला हवे होते ते तास) भागून येणारा आकडा. ठरलेली मुदत संपली की प्लॅन्ड व्हॅल्यू ४,००० वर थांबते, अर्न्ड व्हॅल्यू मात्र हळूहळू तिच्याकडे सरकत राहते. त्यामुळे काम कितीही रखडले तरी ते ज्या दिवशी पुरे होते त्या दिवशी भागाकार १ येतोच. हा निर्देशांक वेळापत्रकाचा म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या सूत्रात वेळ कुठेच नाही, दोन्हीकडे तासच आहेत.

याच अडचणीवर वॉल्टर लिपके यांनी २००३ मध्ये अर्न्ड शेड्यूलची पद्धत मांडली. तिचा प्रश्न साधा आहे: आज जेवढे काम झाले आहे, तेवढे बेसलाइनप्रमाणे केव्हा व्हायला हवे होते? तुमचे सहाव्या महिन्यातले १,७०० तास चौथ्या (१,४००) आणि पाचव्या (२,०००) महिन्याच्या बरोबर मध्ये पडतात, म्हणून अर्न्ड शेड्यूल ४.५ महिने. त्याला प्रत्यक्ष उलटलेल्या ६ महिन्यांनी भागले की वेळेवर आधारलेला एसपीआय ०.७५ मिळतो, आणि नियोजित १० महिन्यांना ०.७५ ने भागले की अंदाज १३.३ महिन्यांचा येतो. मुदत पाळायची तर उरलेल्या ४ महिन्यांत ५.५ महिन्यांचे काम उरकावे लागले असते, म्हणजे १.३७५ ची गती, तोवरच्या गतीच्या पावणेदोन पटींहून अधिक. हे तेव्हाच कळले असते.

आजचे ३,९०० तास ९.५ महिन्यांवर येतात. ९.५ भागिले १२ म्हणजे ०.७९, आणि अंदाज १२.६ महिन्यांचा, म्हणजे अजून सुमारे १९ दिवस.

दुसरे उत्तर:
गणित बरोबर आहे, पण १९ दिवसांची तारीख इतक्यात कोणाला कळवू नका. अर्न्ड शेड्यूल सगळे तास एका तराजूत तोलते. कोणते काम क्रिटिकल पाथवर, म्हणजे ज्याला उशीर झाला की अखेरची तारीखच पुढे जाते अशा कामांच्या साखळीवर, आहे हे त्याला कळत नाही. आमच्या एका प्रकल्पात निर्देशांक दोन महिने सुधारत गेला, कारण मुख्य काम अडल्यामुळे मंडळी पुढची सोपी कामे आधी उरकत होती. शिवाय ‘९० टक्के झाले’ हे कोणी कसे ठरवले तेही पाहा. छोट्या कामांना पूर्ण झाल्यावरच श्रेय द्यायचे, आधी शून्य, हा नियम कडक वाटला तरी आकडे फुगू देत नाही. उरलेले १०० तास नेमके कशाचे आहेत?

प्रश्नकर्ता:
६० तास एकत्रित चाचणीचे, २५ डेटा स्थलांतराचे, १५ वापरपुस्तिकेचे. चाचणी सर्व्हर आल्याशिवाय सुरू होत नाही आणि स्थलांतर चाचणीनंतरच करायचे आहे. पुरवठादाराने सर्व्हरसाठी तीन आठवडे सांगितले आहेत.

दुसरे उत्तर देणारे:
मग १९ दिवस उलटतील तेव्हा तुमची चाचणी सुरूही झालेली नसेल. तीन आठवडे, त्यापुढे चाचणीचे आणि स्थलांतराचे दिवस, आणि चाचणीत सापडलेले दोष दुरुस्त करायला लागणारा वेळ, अशी बेरीज करून तारीख द्या. वापरपुस्तिका सर्व्हरची वाट पाहताना उरकेल, पण तिने तारीख एका दिवसानेही अलीकडे येणार नाही. अहवालात ०.७९ जरूर दाखवा, मात्र त्याशेजारी सर्व्हरची तारीख लिहा आणि ती दर आठवड्याला पुरवठादाराकडून लेखी मागवून घ्या.