लॅपरोस्कोपीचा (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा) सेट घ्यायचाय (डिचोली, गोवा): नवा की जुना?

डिचोलीकर_सर्जन
नमस्कार मंडळी. डिचोलीत आमचं १२ खाटांचं नर्सिंग होम आहे. पित्ताशय, अपेंडिक्सचे पेशंट आजवर म्हापशाला नाहीतर बांबोळीला पाठवत आलो. चतुर्थीनंतर लॅपरोस्कोपी इथेच सुरू करायचा विचार आहे. बजेट १२ लाख, फार ताणलं तर १४. एका विक्रेत्याचं कोटेशन फोर-के कॅमेरा आणि मॉनिटरमध्येच संपतं. हातातल्या उपकरणांचं 'नंतर बघू' म्हणतो. बेळगावात एक जुना एचडी स्टॅक (कॅमेरा, मॉनिटर, लाइट सोर्सचा संच) मिळतोय. काय करू?

मडगावचा_म्हातारा
फोर-केचा मोह सोडा, डॉक्टर. आम्ही लॅप कोली (दुर्बिणीने पित्ताशय काढणं) शिकलो ते टीव्हीवर मुंग्या दिसायच्या त्या काळात.

जुना स्टॅक बघायला जाल तेव्हा लाइट केबलचं एक टोक ट्यूबलाइटकडे धरा आणि दुसऱ्या टोकात बघा. जितके काळे ठिपके, तितके आतले फायबर (काचेचे तंतू) तुटलेले. टेलिस्कोप छापील कागदावर धरा. अक्षरं धुरकट दिसली आणि पुसूनही धूर जाईना, तर सील गेलंय आणि आत ओल शिरलीय. आपल्या पावसाळ्यात तसली स्कोप फुकटातही घेऊ नका. १० मिमी, ३० अंशांचीच घ्या. फिरवली की कॅलोचा त्रिकोण (पित्ताशयाच्या नळी-रक्तवाहिनीची जागा) पुढून-मागून दिसतो, शून्याच्या स्कोपला ते जमत नाही. लाइट सोर्स झेनॉनचा असेल तर दिव्याचे तास विचारा. साधारण ५०० तासांनंतर तो बदलावा लागतो. एलईडी असेल तर तो प्रश्नच नाही.

कॅमेरा जुना चालेल. इन्सफ्लेटर (पोटात सीओटू वायू भरणारं यंत्र) मात्र नवा घ्या. पोटात १२ ते १५ मिमी (पाऱ्याचा) दाब ठेवायचा असतो, तिथे आकडा खोटा दाखवणारं यंत्र नको.

फोंड्याची_ओटी_सिस्टर
सर, धुणार कसं ते कुणीच विचारलं नाही म्हणून लिहिते.

मी पूर्वी एका ठिकाणी होते. तिथे एका दिवसात चार केस आणि सेट एकच. दोन केसच्या मध्ये २० मिनिटं ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (जंतुनाशक द्रावणात) बुडवायचं, मग नळाच्या पाण्यात खळबळून टेबलावर. टाके सुकले, पेशंट घरी गेले. महिन्याभराने तिघं परत आले, बेंबीजवळ गाठ आणि त्यातून पाणी. नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद नाही. निघाला अटिपिकल मायकोबॅक्टेरिया, टीबीच्या जंतूचा भाऊबंद. तो पाण्यात राहतो, मग ते नळाचं असो की बांयचं (विहिरीचं). औषधं कित्येक महिने चालली. शिवाय २० मिनिटांत जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, त्याला दहा तास लागतात.

म्हणून ग्रास्पर, मेरीलँड (पकडीचे चिमटे), कात्री सगळं सुटं होणारं घ्या. जॉ, दांडा, मूठ वेगळी करून ब्रशने धुता आलं पाहिजे. रक्त सुकायच्या आत एन्झाइमच्या पाण्यात टाका, मग ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक). टेलिस्कोपवर 'ऑटोक्लेव्हेबल' लिहिलेलं आहे का बघून घ्या. दोन सेट घ्या. कॅमेरा एकच असला तरी चालतं, हत्यारांचे दोन संच हवेत.

आणि हुकचं (कॉटरीच्या, म्हणजे विजेने कापणाऱ्या-जाळणाऱ्या हत्याराचं) प्लास्टिकचं आवरण रोज बोटाने चाचपून बघा. बारीक चीर असली तर कॉटरीचा करंट आतड्याला चटका देतो, तोही कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर.

वास्को_बायोमेड
सिस्टरशी १०० टक्के सहमत. माझ्याकडून दोनच गोष्टी. सीओटूच्या सिलिंडरचा काटा फसवतो. आत द्रवरूप वायू असतो, त्यामुळे शेवटचा द्रव संपेपर्यंत दाब तेवढाच दिसतो आणि मग एकदम खाली येतो. वजन करून बघा, दुसरा भरलेला सिलिंडर शेजारी ठेवा, आणि आडवा कधीच लावू नका. दुसरं, यूपीएस. जूनमध्ये वीज कशी जाते ते डिचोलीवाल्यांना मी काय सांगू.

पर्वरी_रेसिडेंट
ट्रोकार (पोटात हत्यारं घालायच्या नळ्या) डिस्पोजेबल घेतले तर? धुण्याची कटकटच नको.

मडगावचा_म्हातारा
बाबा, डिस्पोजेबल म्हणून आणतात आणि दहा पेशंटना तेच वापरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्टीलचे घ्यावेत, रबरी टोप्या जादा मागवून ठेवाव्यात. त्या फाटल्या की गॅस गळतो आणि सर्जन भूलतज्ज्ञावर ओरडतो.

डिचोलीकर_सर्जन
देव बरें करूं सगळ्यांचें. फोर-केवाल्याला नाही कळवलं. रविवारी ट्यूबलाइट शोधायला बेळगावला जातोय. सिस्टर, तुमची पोस्ट वाचून ओटीत जाऊन बघितलं. सिंक एकच आहे, हातही तिथेच आणि हत्यारंही तिथेच. उद्या प्लंबर येतोय.