करार निमित्तमात्र नव्हता

ईए कंपनीचा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम मॅडन मुळातच सरस होता, म्हणून टिकला, एनएफएल या व्यावसायिक लीगशी झालेला करार निव्वळ निमित्त, हे इथे मांडलेलं मत अजिबात पटलं नाही. २००४ आठवा. ईएसपीएन एनएफएल २के५ हा प्रतिस्पर्धी गेम अवघ्या २० डॉलरला आला होता, आणि त्यात मध्यांतरात ईएसपीएनचा निवेदक ख्रिस बर्मन टीव्हीवर असल्यासारखा सामन्यातले क्षण दाखवायचा. ५० डॉलरचा मॅडन झक मारत ३० वर आणावा लागला. डिसेंबरात ईएने एनएफएलशी एक्सक्लुझिव्ह करार केला, म्हणजे एनएफएलचे संघ इतर कुणाला गेममध्ये घेता येईनात, आणि स्पर्धाच संपली.

एनएफएलच्या खेळाडूंच्या संघटनेबद्दल इथे कुणीच बोललं नाही. करार तिच्याशीही झाला होता, त्यामुळे संघांची नावं बदलूनसुद्धा खेळत असलेले खेळाडू घेता येईनात. २के या प्रतिस्पर्धी कंपनीने २००७ मध्ये ऑल-प्रो फुटबॉल २के८ काढला तो जेरी राइस, जॉन एलवे अशा निवृत्तांना करारबद्ध करून. संघ काल्पनिक. पुढचा भाग आलाच नाही. या एक्सक्लुझिव्ह करारांवरून ग्राहकांनी २००८ मध्ये कॅलिफोर्नियात ईएवर दावा लावला. ईएने २०१२ मध्ये २.७ कोटी डॉलरवर तडजोड केली, कॉलेज फुटबॉलचा एक्सक्लुझिव्ह करार पाच वर्षं न करण्याचंही कबूल केलं. एनएफएलचा करार मात्र तसाच राहिला, आणि माझा खरा राग त्यावर आहे.